राखण कोणाची, राखणदार कोण?

जी वस्तू आपल्या मालकीची नाही, जिचा उपभोग आपल्या वाट्याला फारसा येणार नाही आणि जिच्या रक्षणाबद्दल कोणी आपल्याला वेतनही देणार नाही, तिचे रक्षण करण्यास मनुष्य नीतीने बांधलेला आहे काय? प्रश्न असा मांडला म्हणजे तो तत्त्वज्ञानाच्या वर्गात शोभणारा वाटतो. परंतु आमच्या शिरूर-दौंड भागातील कुटुंबांच्या ओसरीवर हाच प्रश्न अगदी साध्या शब्दांत विचारला जातो. ‘फादर, पुण्याच्या टेकड्या राहिल्या काय आणि गेल्या काय, आम्हाला त्याचे काय? तिथे फिरायला जाणारे लोक वेगळे. आमची लेकरे खराडी-हडपसरला कामाला जातात ती पोटासाठी, टेकडीवरची हवा खायला नव्हे.’ या बोलण्यात कडवटपणा आहे, तसाच काही एक न्यायही आहे. म्हणून त्याचे उत्तर उपदेशाने न देता विचाराने द्यावे, असे आम्हाला वाटते.

प्रथम ज्या टेकड्यांविषयी बोलायचे, त्यांची थोडी ओळख करून घेऊ. पुणे शहराच्या पश्चिमेला वेताळ टेकडी आहे. शहराच्या हद्दीतील हा सर्वांत उंच भाग. तिच्याच अंगाखांद्यावर चतुःशृंगी, हनुमान टेकडी, विधी महाविद्यालयामागची टेकडी. दक्षिणेकडे पर्वती-तळजई आणि त्यापलीकडे कात्रजचा डोंगर. पश्चिमेला बाणेर-पाषाणची टेकडी. या टेकड्यांवर सालई, मोई, धावडा, खैर, गणेर, पांगारा, पळस अशी मूळची झाडे आहेत. मोर आहेत, चंडोल आहेत, पावसाळ्यात उगवून पावसाळ्यातच संपणाऱ्या नाजूक रानफुलांची तर गणतीच नाही. काळ्या पाषाणाच्या भेगांतून इथे मुरलेले पाणी खालच्या वस्तीतील विहिरींना आणि विंधनविहिरींना पोचते. थोडक्यात, वाढत्या शहराच्या मधोमध उरलेले हे रान आहे.

हे रान आपोआप उरले, असे मात्र नाही. १९९७ साली महानगरपालिकेत आलेल्या गावांपैकी तेवीस गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण असावे, यासाठी पुणेकर नागरिकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. राज्य शासनाने त्या आरक्षणावर शिक्कामोर्तब केले ते २०१५ मध्ये. वेताळ टेकडीच्या कुशीतून बालभारती ते पौड फाटा असा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता आणि टेकडीच्या पोटातून बोगदे काढण्याचे बेत पुढे आले, तेव्हा २०२३ च्या एप्रिलमध्ये हजारो माणसे पायी चालत निघाली. त्यांत वृद्ध होते, विद्यार्थी होते, आईबापांचे बोट धरून चालणारी मुले होती. वारज्याला वनखात्याच्या सुमारे चाळीस एकर उजाड जमिनीवर लोकांच्या सहभागाने वन उभे राहिले, आणि ५ जून २०२० रोजी केंद्र शासनाने देशभर दोनशे नगरवने उभारण्याची योजना जाहीर केली तेव्हा वारज्याचेच उदाहरण देशापुढे ठेवले गेले. याखेरीज ज्यांची नावे कोठेही छापून येत नाहीत अशी माणसे आहेत. ती दर रविवारी सकाळी खांद्यावरून पाणी नेऊन उन्हाळ्यात रोपे जगवतात, माघ-फाल्गुनात वाळल्या गवताला वणवा लागू नये म्हणून जाळपट्टे काढतात, आणि शाळकरी मुलांना झाडाच्या सालीवरून झाड ओळखायला शिकवतात.

नदीने जोडलेले शेजारी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यात शिरूर-दौंडचा संबंध कोठे येतो?

नकाशा उघडून पाहिला तर उत्तराचा पहिला भाग मिळतो. वेताळ टेकडीवर पडलेला पाऊस ओढ्यांवाटे मुळेला आणि मुठेला मिळतो. दोन्ही नद्या शहरात एक होतात, आणि मुळा-मुठा थेऊरवरून पूर्वेला वाहत येऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेत मिसळते. तीच भीमा पुढे दौंड गावाला वळसा घालून जाते. शिरूरची घोड नदीही शेवटी भीमेलाच मिळते. खडकवासल्याचे पाणी कालव्याने दौंडच्या शेतात येते, आणि आवर्तन लांबले की कोणाच्या उसाचे काय होते हे दौंडच्या वाचकाला आम्ही सांगण्याची गरज नाही. शहराने आपले डोंगर बोडके केले, ओढे बुजवले, जमिनीत पाणी मुरू दिले नाही, तर त्याची तहान वाढते. आणि वाढलेली तहान कालव्याच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसते. शहराने आपली घाण ओढ्यांत सोडली, तर तीही नदीबरोबर आपल्याच दारात येते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून येणारा आंबिल ओढा पुण्यात असा काही उफाळला, की त्या रात्रीच्या पुरात शहर व परिसरातील वीसहून अधिक माणसे दगावली. पाऊस मोठा होता हे खरे. पण उतारावरची माती सैल झालेली आणि ओढ्याचे पात्र आवळलेले, हेही तितकेच खरे. जे लोक बुडाले त्यांतील अनेकजण ओढ्याकाठच्या साध्या वस्त्यांत राहणारे होते. टेकडीचे लचके तोडणारा एक आणि तिच्या पाण्यात बुडणारा दुसरा, असा हा हिशेब आहे. नीतीचा प्रश्न इथेच सुरू होतो. एकाच्या कृत्याचे फळ दुसऱ्याला भोगावे लागते, तेथे ‘मला काय त्याचे’ हे उत्तर पुरत नाही. शेजारी कोण, असा प्रश्न एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारला होता, आणि प्रभूने त्याला वाटेवर पडलेल्या जखमी माणसाची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत शेजारीपण घराच्या भिंतीवरून ठरत नाही. कोण कोणाच्या कामी आला यावरून ठरते. ज्यांच्या वस्तीतून निघालेले पाणी आपल्या वस्तीत येते, ते आपले शेजारी नाहीत, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

मालक आणि राखणदार

येथे एक आक्षेप घेतला जाईल. टेकडी सरकारची आहे किंवा खासगी मालकाची आहे. कायदा आहे, वनखाते आहे. मग सामान्य माणसाने मध्ये का पडावे?

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना राखण हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ज्वारी हुरड्याला आली की शेतात माळा बांधून गोफण हाती घेऊन बसणे म्हणजे राखण. राखणदार शेताचा मालक असेलच असे नाही. पुष्कळदा तो नसतोच. रात्री गावाची जाग ठेवणाऱ्या जागल्याच्या मालकीचे गावात एखादे खोपट असले तर असे; पण सारे गाव त्याच्या डोळ्यांच्या भरवशावर झोपत असे. म्हणजे मालकी आणि राखण या दोन गोष्टी मूळातच निराळ्या आहेत. मालकाला वस्तू विकता येते, मोडता येते. राखणदाराला ती फक्त सांभाळून पुढच्याच्या हाती द्यायची असते.

पवित्र शास्त्राच्या अगदी आरंभी एदेन बागेची हकिकत आहे. तेथे माणसाला बाग सोपवताना तिची जी दोन कामे सांगितली आहेत, ती कसण्याची आणि सांभाळण्याची आहेत. विकण्याचे तिसरे काम त्यांत नाही. पृथ्वीवर माणसाला सत्ता दिली आहे, हे वचन पुष्कळांना पाठ असते; परंतु ती सत्ता कारभाऱ्याची आहे आणि कारभाऱ्याला एके दिवशी हिशेब द्यावा लागतो, हे सोयीस्करपणे विसरले जाते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले, आणि पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश हे दोन वेगळे आक्रोश नाहीत, हे ख्रिस्तसभेपुढे स्पष्टपणे मांडले. त्याआधी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली असिसीच्या संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे कार्य करणाऱ्यांचे आश्रयसंत म्हणून घोषित केले होते, आणि १९९० च्या जागतिक शांतिदिनाचा संदेशच त्यांनी सृष्टीच्या रक्षणाला वाहिला होता. म्हणजे हा विषय ख्रिस्तसभेत काल-परवा बाहेरून आलेला नाही.

भारतीय नागरिक म्हणूनही आपण या कर्तव्यातून सुटत नाही. राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये वने, सरोवरे, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. आमच्या महाराष्ट्रात शहरांतील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. झाड तोडण्यापूर्वी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, सूचना लावावी लागते आणि नागरिकाला हरकत घेता येते. पण झाडाच्या बुंध्याला लावलेला तो कागद थांबून वाचणारा माणूसच नसेल, तर कायदा काय करील? कायदा हा गोफणीसारखा आहे. माळ्यावर कोणी बसलेले नसेल तर गोफण नुसती टांगलेली राहते आणि पाखरे शेत खाऊन जातात.

मुंबईतील आरेचे उदाहरण ताजे आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे तोडण्यास प्रारंभ झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. तो दिवस असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणाचा होता, हा योगायोग मनाला चटका लावणारा आहे. मेट्रो हवी की नको, हा वाद आम्ही येथे घालत नाही; मेट्रोने प्रवास करणारा कामगार हाही आमचाच बांधव आहे. परंतु जे काम न्याय्य आहे, त्याला रात्रीच्या अंधाराचा आडोसा का लागावा, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

ज्ञानावाचून राखण आंधळी

तथापि केवळ चांगल्या मनाने राखण होते, असे समजणे ही मोठी चूक ठरेल. पिकाची ओळख नसलेला राखणदार तण राखील आणि पीक उपटील.

पुण्याच्या टेकड्यांवर काही दशकांपूर्वी गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, फार मोठी लागवड झाली. हेतू वाईट नव्हता. झाड भराभर वाढते, फांदी रोवली तरी रुजते, दुष्काळात तग धरते आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. बोडके डोंगर हिरवे दिसू लागले. परंतु हे झाड मध्य अमेरिकेकडचे. त्याच्या दाटीखाली इथले गवत, इथली झुडपे नीट वाढत नाहीत. आणि गवत गेले की त्यावर जगणारे किडे गेले, किड्यांबरोबर पाखरे गेली. दुरून पाहणाऱ्याला डोंगर हिरवा दिसतो, जवळ जाऊन ऐकणाऱ्याला तो मुका वाटतो. आता तेथे हळूहळू मूळची झाडे परत आणण्याचे काम चालले आहे, आणि ते पहिल्या लागवडीपेक्षा पुष्कळ कठीण आहे.

आमच्या भागात तर ही गोष्ट अधिकच लक्षात घेतली पाहिजे. शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. येथील माळरान ओसाड पडलेली जमीन नव्हे. ती गवताची भूमी आहे. कुसळी, पवन्या, मारवेल यांच्या आधाराने येथे चिंकारा, खोकड, लांडगा, धाविक आणि माळटिटवी जगत आली. दौंडच्या शेजारी, बारामती तालुक्यात सुप्याजवळ, चिंकाऱ्यासाठी मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे. अशा माळावर उत्साहाच्या भरात दाट झाडी लावणे म्हणजे सुताराच्या घरी जाऊन त्याची करवत मोडणे आणि त्याला बासरी भेट देणे होय. वेड्या बाभळीने आमच्या माळांचा आणि नदीकाठांचा केवढा भाग गिळला आहे, हे गुराख्याला विचारावे. म्हणून पावसाळा आला की दिसेल त्या मोकळ्या जागेत खड्डे घेण्याआधी, येथे पूर्वी काय होते, हे विचारण्याची सवय आपल्या तरुणांना लागली पाहिजे. हे विचारायचे कोणाला? पुस्तकाला विचारावेच, पण ज्या धनगर आजोबांनी मेंढ्यांमागे सारा जन्म त्या माळावर काढला, त्यांनाही विचारावे. त्यांच्याइतका जाणता शिक्षक आपल्या कोणत्याही शाळेत नाही.

लोकशिक्षणाचा खरा अर्थ हा आहे. फलक लावणे, घोषणा देणे, चित्रकला स्पर्धा घेणे, हे शिक्षणाचे कपडे झाले. झाडाचे नाव, त्याचे घर, त्यावर कोण जगते आणि ते कोणासाठी जगते, हे कळणे म्हणजे शिक्षण. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याच्या जाण्याचे दुःखही होत नाही. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली या गावाचे नावच चिंचांवरून आणि मोरांवरून पडले आहे. तेथे मोर माणसांच्या अंगणात निर्धास्त फिरतात. कोणत्याही पहारेकऱ्याच्या काठीने हे साधले नसते. लहानपणापासून मोर आपला आहे असे मानत वाढलेल्या माणसांनी ते साधले. आपल्या पूर्वजांच्या देवरायांतही हेच तत्त्व होते. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचे रान संपले तरी देवाच्या नावाने राखलेले रान टिकून राहिल्याचे त्यांनी दाखवून दिले. तेथे भीती होती हे खरे. परंतु भीतीच्या पोटात एक शहाणपणही होते: काही गोष्टी माणसाच्या हिशेबाबाहेर ठेवल्या पाहिजेत, हे ते शहाणपण. आज भीती ओसरली आहे. तिच्या जागी ज्ञान आणि प्रेम आले नाही, तर तेथे फक्त कुऱ्हाड येईल.

श्रमदान आणि न्याय

स्वयंसेवेविषयी बोलताना आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. शिरूरची वेस ओलांडली की पारनेर तालुका लागतो. तेथील राळेगणसिद्धी आणि त्यापलीकडे नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावांनी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान हे शब्द साऱ्या देशाला शिकवले. त्याच नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, स्विस येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी पाणलोट विकासाचे काम लोकांच्या हाती सोपवण्याचा ध्यास घेतला. त्यातून १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. गावाने आधी स्वतः श्रमदान करून आपली तयारी दाखवावी आणि मगच मदत यावी, ही त्या कामाची रीत होती. त्यामागे खोल विचार आहे. फुकट मिळालेल्या बांधाला गाव सरकारचा बांध म्हणते. ज्यात आपला घाम जिरला आहे त्याला आपला बांध म्हणते. शहराच्या टेकडीलाही हाच नियम लागू आहे. ज्या मुलाने चैत्रात एका रोपाला पाणी घातले, तो मोठेपणी त्या टेकडीवर प्लॉट पाडायला निघणाऱ्या माणसाला सहजासहजी मत देणार नाही.

परंतु येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो आणि त्याला बगल देणे आम्हाला उचित वाटत नाही. रान राखायचे, पण कोणाच्या जिवावर? चराईबंदी झाली की मोठ्या बागायतदाराचे काही अडत नाही. चार शेळ्यांवर संसार चालवणारी विधवा अडते. टेकडीला कुंपण घातले की सकाळी फिरणाऱ्यांना फाटकातून वाट मिळते. मोळी आणणाऱ्या बाईला मिळत नाही. आणि याहून भयंकर गोष्ट आमच्या तालुक्याने २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाहिली. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांच्या आत बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुले आणि एक वृद्ध स्त्री असे तीन जीव गेले. ज्या आईने अंगणातून आपले लेकरू गमावले, तिच्यापुढे उभे राहून वन्य जीवांवर प्रेम करा, असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

आम्हाला वाटते, तो अधिकार कोणालाही नाही. निदान तिचे दुःख वाटून घेतल्यावाचून तर नाहीच. बिबट्या आज उसात राहतो. धरणे आणि कालवे आले, ऊस आला, उसात त्याला बारमाही आडोसा मिळाला आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या हे भक्ष्य मिळाले. उसाची साखर सर्वांनी खाल्ली. उसातला बिबट्या मात्र वस्तीवरच्या मजुराच्या वाट्याला आला. रानाचा लाभ सर्वांना आणि रानाची झळ थोड्यांना, अशी वाटणी जोपर्यंत आहे, तोपर्यंत निसर्गरक्षण हा सुखवस्तू माणसांचा छंद आहे, असा आरोप होत राहणार. तो खोडून काढायचा असेल, तर रान राखू इच्छिणाऱ्याने आधी झळ सोसणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले पाहिजे. वस्तीवर दिवा आणि शौचालय असावे, शेळ्यांना बंदिस्त गोठा असावा, नुकसानभरपाई वेळेवर मिळावी, अंधार पडल्यावर मुले एकटी बाहेर राहू नयेत यासाठी शेजाऱ्यांनी पाळी लावावी. ही कामेसुद्धा वनरक्षणाचीच आहेत. किंबहुना आमच्या भागात ती पहिली कामे आहेत. दयेवाचून केलेली राखण ही राखण नसून पहारा आहे.

स्वयंसेवेला आणखी एक मर्यादा आहे. नागरिक टेकडीवर पाणी घालतात म्हणून महानगरपालिकेने आपले हात धुवावेत, असा त्याचा अर्थ होत नाही. स्वयंसेवक हा शासनाच्या कर्तव्याचा भार हलका करण्यासाठी नसून त्या कर्तव्याची आठवण करून देण्यासाठी असतो. एका हाताने रोप लावणाऱ्याने दुसऱ्या हाताने अर्ज लिहिला पाहिजे, ग्रामसभेत व प्रभागाच्या सभेत उठून प्रश्न विचारला पाहिजे. नुसती सेवा करून गप्प राहणारा मनुष्य अन्यायालाही सोयीचा असतो.

आपल्या धर्मग्रामांत

मग आपल्या कुटुंबांनी करायचे काय? आमच्या मते आरंभ अगदी लहान असावा. १ सप्टेंबर हा सृष्टीच्या संगोपनासाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ठरवून दिला, आणि तेथून ४ ऑक्टोबरपर्यंतचा काळ सृष्टीचा काळ म्हणून पाळला जातो. हा आपल्याकडे पावसाचा शेवट असतो. रोपे लावण्याचा उत्साह जूनमध्ये होऊन गेलेला असतो. फोटो काढून झालेले असतात. म्हणूनच हा काळ मोलाचा. जूनमध्ये लावलेल्यांपैकी किती जगली हे मोजावे, आणि येणाऱ्या उन्हाळ्यात त्यांना पाणी कोण घालणार, याची पाळी घरांनी वाटून घ्यावी. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना महिन्यातून एकदा दफनभूमीत, चर्चच्या आवारात, नदीकाठी न्यावे आणि तेथील दहा झाडांची नावे आजी-आजोबांना विचारून लिहून आणायला सांगावीत. दफनभूमीत तर आपली माणसे मातीच्या कुशीत विसावली आहेत. तिची सावली राखणे हे त्यांचे ऋण फेडणेच आहे. पुण्यात शिकणाऱ्या व नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी महिन्यातून एक रविवार, मिस्सा झाल्यावर, जवळच्या टेकडीवरील कामाला द्यावा. तेथे ते अन्य धर्मांच्या माणसांबरोबर घमेले उचलतील. असा संवाद कोणत्याही व्यासपीठावर होत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याने टेकडी वाचेल काय? याची हमी आम्ही देऊ शकत नाही. टेकड्या वाचतात तशा जातातही. कधी एका सहीने, कधी एका रात्रीत. पण कर्तव्याची किंमत यशावरून ठरत नसते. आजारी माणसाची शुश्रूषा करताना तो बरा होईलच, अशी अट आपण घालत नाही. शिवाय हे काम करणाऱ्या माणसात जो बदल होतो, त्यावर कोणताही बुलडोझर चालत नाही. जे आपले नाही त्याची काळजी वाहायला तो शिकतो, आणि हे शिकलेला मनुष्य घरात, गावात, मतदानाच्या दिवशीही थोडा वेगळा वागतो.

चिंच लावणारा मनुष्य तिची पुरती सावली क्वचितच पाहतो. चिंचोलीच्या चिंचा ज्यांनी लावल्या, त्यांची नावे आज कोणी सांगू शकणार नाही. मोर मात्र अजून त्यांच्या फांद्यांवर येऊन बसतात. आरंभी जो प्रश्न आम्ही विचारला, त्याचे उत्तर त्या अनामिक माणसांनी आपल्यासाठी केव्हाच देऊन ठेवले आहे. आपल्यानंतर येणाऱ्यांसाठी ते पुन्हा देण्याची पाळी आता आपली आहे.